नानांची दिवसाची झोप

आधीच सांगून टाकते, मी उतारा ओलांडून जाणारी बाई आहे. चौकात लिंबू, भात, हळद-कुंकू मांडलेलं दिसलं की आई माझा दंड धरून मला लांबून न्यायची, आणि मी हट्टाने जवळून जायचे. अमावास्या-पौर्णिमा मला फक्त कॅलेंडरवर कळते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वर्षभर वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलेय... राग मानू नका. बहुतेकांचं सगळं रात्री बारानंतर घडतं आणि रस्ता हमखास निर्जन असतो. माझं सकाळी सव्वाअकराला घडलं, घरात, बाहेर कडक ऊन असताना. त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच इतकी वर्षं लिहू की नको करत होते.

आमचं घर सातपूरला. कारखान्यांच्या मागच्या अंगाला कामगारांची वस्ती, तिथे एका रांगेत सात घरं, त्यातलं शेवटचं आमचं. बाहेरची एक खोली आणि आत स्वयंपाकापुरती अर्धी. एका बाजूच्या भिंतीपलीकडे शिंदेकाकू राहायच्या, दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान. घरात माणसं तीन — आई, मी आणि माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना मूळचे सिन्नरकडच्या खेड्यातले, फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होते. तांबडं झालेलं लोखंड हातोड्याखाली धरायचं, हे त्यांचं काम.

नानांना कायम थर्ड शिफ्ट. म्हणजे कंपनीने लावलेली नव्हे, त्यांनी मागून घेतलेली. बाकीच्यांना रात्रीची नको असायची, हे आपली अदलाबदल करून घ्यायचे. घरात कॉट एकच होती. रात्री ती आईला आणि मला, दिवसा नानांना. कोणी विचारलं तर म्हणायचे, "रातच्याला भट्टीपाशी बरं असतंय, दिवसा लय तापतंय." खरं कारण कॉट होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सकाळी साडेसातला यायचे, आंघोळ, भाकरी, आणि नऊच्या ठोक्याला आडवे. मग आई दाराच्या कडीला टॉवेल अडकवायची. आमच्या वस्तीत ही पद्धत होती. कडीला टॉवेल म्हणजे आत थर्ड शिफ्टचा माणूस झोपलाय. भाजीवाली त्या दारासमोरून मुकाट्याने जायची आणि पुढच्या दारात जाऊन ओरडायची. पोरं क्रिकेट उचलून मैदानात न्यायची. पोस्टमन पत्र दाराखालून सारायचा. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं, पण टॉवेलचा मान सगळे राखायचे.

आणि टॉवेलच्या आत आम्ही. आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही; वाफ धरली की सांडशीने शिट्टी अलगद वर धरून ठेवायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असायच्या. मी पाढे ओठांतल्या ओठांत पाठ केलेत, कविता सुद्धा. शाळेत बाई उभं करायच्या आणि म्हणायच्या, मोठ्याने म्हण. माझा आवाजच निघायचा नाही. 'पाठांतर कच्चे' असा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकात चौथीपासून दहावीपर्यंत आहे. पाठांतर पक्कं होतं हो. मला मोठ्याने बोलायची सवयच नव्हती.

नानांचं घोरणं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. दोन-तीन श्वास सरळ, मग एकदम बंद. इतकं बंद की मी पुस्तकातून मान वर करून वाट बघायचे... एक, दोन, तीन, चार... आणि मग एक मोठा थोरला श्वास, की पुन्हा सुरू. मी त्या खोलीत बसून बारावी झाले, ती हे मोजत.

आता मुद्द्यावर येते. बारावीनंतर कॉलेजला जाणं जमलं नाही, ती वेगळी रड आहे. काही वर्षं आईबरोबर फरसाणच्या पॅकिंगला गेले. मग घरी बसून करायच्या पदवीला नाव घातलं. पुस्तकं घरी येतात, रविवारी केंद्रावर जायचं, परीक्षा द्यायची. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला त्या लोकांनी काही विषयांचे वर्ग इंटरनेटवरून सुरू केले. तेव्हा ही केवढी नवलाई होती! हेडफोन लावायचा, मॅडम तिकडून बोलणार, आपण इकडून. आठवड्यातून तीनदा, अकरा ते बारा.

नानांना हे इतकं आवडलं की विचारू नका. त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढायचे होते, त्यातला एक त्यांनी साहेबाच्या मागे लागून मिळवला. मॉनिटर गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधला आणि सायकल हातात धरून चालत घरी आले. फोनचा पॉइंट कॉटच्या डोक्याशी होता, म्हणून टेबलही तिथेच लागलं, कॉटला चिकटून. मी खुर्चीत बसले की पाठीशी हातभर अंतरावर नाना झोपलेले.

एक विषय होता ऑफिसमधल्या संभाषणाचा. त्यात इंग्रजीतून बोलून दाखवायचं, आणि शेवटची परीक्षाही तोंडी, हेडफोनवरूनच. आमच्या देसाई मॅडम स्वभावाने कडक पण सरळ बाई. त्या म्हणायच्या, "वैशाली, आवाज येत नाहीये. मोठ्याने बोल." मी तोंडाशी हात धरून कुजबुजायचे. "वैशाली, आहेस का?" मी टाइप करायचे, येस मॅडम. सायबर कॅफेत का गेली नाहीस, असं विचाराल. एकदा गेले. दहा पोरं गेम खेळत होती, मी इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हटलं आणि दहाही माझ्याकडे वळली. पुन्हा पाय ठेवला नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी नऊ प्रश्नांपैकी सातांची उत्तरं मला येत होती. मॅडमना एकही ऐकू आलं नाही. नापास. त्या एका विषयापायी पदवी अडकली.

निकाल कळला त्या दुपारी नाना नुकतेच उठून चहा पीत होते. "काय झालं गं?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी... त्या दिवशी मात्र माझा आवाज निघाला. शिंदेकाकू दारात आल्या एवढा निघाला.

"तुमच्या झोपेपायी गेलं माझं वर्ष. जन्मापासून या घरात कुजबुजतेय मी. माणसाला मोठ्याने बोलायची सुद्धा चोरी. झोपा आता, निवांत झोपा!"

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.  नानांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. 

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की कंपनीत मालाची घाई आहे, ओव्हरटाइम लागलाय, रोज दुपारी दोनपर्यंत थांबावं लागणार. आईने डबा मोठा केला. मला काय, बरंच झालं. नऊ ते दोन घर माझं. कडीचा टॉवेल गेला. त्याच विषयाला पुन्हा नाव घातलं आणि वर्गात दार लावून मोठमोठ्याने बोलायला लागले. पहिले काही दिवस स्वतःचाच आवाज ऐकून दचकायचे. मग जमत गेलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुला बोलता येतं की!"

नाना अडीचला यायचे. डोळे लालभडक. मला वाटायचं भट्टीची धग. सायकल लावायच्या आधी पहिला प्रश्न तोच, "आज बोलली का मोठ्यानं?"

"हो."

"सायबासारखं बोलायचं. भ्यायचं नाय."

तेवढं बोलून आडवे व्हायचे. पण तीनला नळाला पाणी यायचं, रांगेतल्या सगळ्या बायकांच्या कळश्या, साडेतीनला शाळा सुटलेली पोरं. तास-दोन तासांत उठून बसायचे. मी एकदाही म्हटलं नाही की नाना, तुमची झोप होत नाही. माझा राग तेव्हा गेलेला नव्हता, हे कबूल करते. त्यांचा प्रश्न आला की मी 'हो' म्हणून तोंड फिरवायचे.

असे सात-आठ महिने. दिवाळी झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, कंपनीच्या आवारात सायकलचं कुलूप काढताना नाना खाली बसले. बसले ते उठले नाहीत. हृदयाचं काहीतरी, असं दवाखान्यात सांगितलं. वय बावन्न.

तेराव्याला त्यांच्याबरोबरचे गायकवाडकाका आले होते. जेवणं झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, ओव्हरटाइमने घेतलं हो नानांना. इतकं काम कशाला देतात?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "ओव्हरटाइम? वैशू, वर्षभर ओव्हरटाइम बंद हाय. काम कुठंय तेवढं?"

"मग नाना दोनपर्यंत..."

काकांना वाटलं होतं आम्हाला माहीत आहे. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली पडायचे. पोतं टाकून. पण तिथं धड झोप लागती का, माणसांची ये-जा, ट्रक, वरून तापलेला पत्रा. आम्ही म्हणायचो, नाना, घरी जा की. तर म्हणायचे, "नाय रे, पोरीचा क्लास असतो घरात. इंग्लिश बोलती ती. मी घोरतो."

मी ते ऐकून आत गेले आणि कॉटवर बसले. रडू सुद्धा आलं नाही. सात-आठ महिने त्यांनी मला रोज एकच गोष्ट विचारली आणि मी तोंड फिरवून उत्तर दिलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

त्यानंतर मी कॉम्प्युटरवर चादर टाकली. शिक्षण बास, असं आईला सांगून टाकलं. मार्चमध्ये तोंडी परीक्षा होती, मी जाणार नव्हते. आई तशी गरीब बाई, पण त्या दिवशी तिने ती चादर ओढून काढली. म्हणाली, "तो माणूस पोत्यावर झोपला तो काय तुझ्या चादरीसाठी? बस तिथं. नापास झालीस तरी चालेल, पण बस."

तर तो मार्चमधला दिवस. अकराची वेळ मिळाली होती. आई पॅकिंगला गेलेली. घरात मी एकटी, दाराला आतून कडी. आमच्याकडे त्या दिवसांत वीज तासनतास जायची, पण त्या दिवशी सकाळची पाळी नव्हती. पंखा मी मुद्दाम बंद ठेवला होता, आवाज नको म्हणून. कॉट रिकामी. वर आईने घडी करून ठेवलेली नानांची वाकळ. मी तिच्याकडे पाठ फिरवून बसले, कारण बघवत नव्हतं.

पहिले तीन प्रश्न नीट गेले. मी चांगलं खणखणीत बोलत होते. मनात म्हणत होते, ऐका नाना. चौथ्या प्रश्नाचं उत्तर निम्म्यात होतं आणि मॅडम मराठीत म्हणाल्या, "वैशाली, एक मिनिट. घरात कोणी झोपलंय का?"

"नाही मॅडम."

"अगं, घोरण्याचा आवाज येतोय."

मी म्हटलं, तुमच्या बाजूला असेल. त्या म्हणाल्या, मी केंद्रावर आहे, इथे कोण झोपणार. मग त्या ऐकत राहिल्या. मला हेडफोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. "हं... आता थांबला," त्या म्हणाल्या. आणि गप्प.

मी मोजलं. मोजायचं असं ठरवलं नव्हतं, आपोआप मोजलं गेलं. एक, दोन, तीन, चार...

"आला परत. बाई गं, केवढा श्वास घेतात."

मी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. दूर कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये लोखंड घासत होते, तेवढंच. मॅडमना मी नानांबद्दल कधी अक्षर बोलले नव्हते. ते गेल्याचं सुद्धा सांगितलं नव्हतं; सहानुभूतीचे मार्क नको होते मला. गेल्या वर्षी नाना खरोखर पाठीशी घोरायचे तेव्हा मॅडमना माझाच आवाज जायचा नाही, घोरणं कुठलं; मग ते थांबून येणारं घोरणं त्यांना कुठून माहीत असणार?

मॅडमना वाटलं मी ओशाळले. आवाज मऊ करून म्हणाल्या, "अगं, असू दे. दमून झोपले असतील. उठवू नकोस. तू हळू बोललीस तरी चालेल, मला ऐकू येतंय."

मी हळू बोलले. पुढचे पाच प्रश्न मी तोंडाशी हात धरून, लहानपणापासून जशी बोलत आले तशी कुजबुजत बोलले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, की-बोर्डवर पडत होतं, आणि मी इंग्रजीत सांगत होते की आमच्या ऑफिसला उशिरा आलेल्या मालाबद्दल मी कसं पत्र लिहीन. गेल्या वर्षी त्याच आवाजातलं एक अक्षर मॅडमना ऐकू गेलं नव्हतं. या वेळी एकदाही त्यांनी 'काय?' म्हणून विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "छान. ठेव आता. त्यांची झोपमोड नको."

मी हेडफोन काढला, पण मागे वळले नाही. मला लोक विचारतात, भीती वाटली का? खरंच नाही. आमची ती खुर्ची जुनी होती, हललं की करकरायची. नाना जागे होतील म्हणून मी हलले नाही. दीड वाजेपर्यंत तशीच बसून होते. मग बाहेरून आईने कडी वाजवली, तेव्हा उठावंच लागलं. कॉट रिकामी होती. वाकळेची घडी जशीच्या तशी होती.

आता तुम्ही सगळे तपासणी करणार, मला माहीतेय. मीही केली. कॉट ज्या भिंतीला लागून होती तिच्या पलीकडे मैदान, तिथे त्या उन्हात कोणी झोपणं शक्य नाही. शिंदेकाकू त्या आठवड्यात मनमाडला लेकीकडे गेल्या होत्या, घराला कुलूप. कॉम्प्युटरची घरघर म्हणाल तर तो वर्षभर तसाच घरघरत होता, मॅडमनी कधी तक्रार केली नव्हती. कडीला टॉवेल होता का, असंही एकाने विचारलं. नव्हता. गोष्ट रचायची असती तर लावला असता. तो आवाज रेकॉर्ड होतो का, हे केंद्रावर विचारलं, तर तशी सोय नव्हती. नंतर मॅडमना भेटून सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मला भास झाला असेल असं म्हणू शकते मी तुझ्या समाधानासाठी. पण घोरणं मला कळतं गं. आमच्या घरी वीस वर्षं ऐकतेय."

माझे मिस्टर इंजिनीअर आहेत. ते म्हणतात, लाइनवर दुसऱ्या कोणाचा तरी आवाज मिसळला असेल. असेल बाबा. पण मिसळून मिसळून नेमका त्याच घरात, तसाच थांबून येणारा?   उतारे मी अजूनही ओलांडते, माझा कशावरही विश्वास बसलेला नाही. मी पास झाले, त्या पदवीवर नोकरी मिळाली, आज एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर फोनवर मोठमोठ्याने बोलायचं काम करते.

आईला मात्र हे मी कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. उगीच तिच्या जिवाला घोर. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते, ती कोथिंबीर निवडत बसली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं सांगितलं, अगदी मॅडमच्या शब्दांसकट. मला वाटलं ती रडेल, नाहीतर देवापुढे दिवा लावायला उठेल.

तिने खरं का खोटं तेही विचारलं नाही. हात थांबवून फक्त म्हणाली, "किती वेळ झोपले होते?"

मी म्हटलं, "मॅडमना ऐकू येत होतं तोवर... वीस-पंचवीस मिनिटं."

"एवढ्यानं काय होतंय त्यांचं," आई म्हणाली, आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली.